डेक आणि कुंपणाच्या रंगकामासाठी कारागीर निवडताना नेमके काय विचारावे?

ओसरी (धागाकर्ती)

घरामागच्या लाकडी डेकचे आणि त्याला लागून असलेल्या कुंपणाचे रंगकाम या वर्षी पुन्हा करून घ्यायचे आहे. ‘पुन्हा’ हा शब्द लिहिताना थोडी चीड येते, कारण मागचे काम होऊन जेमतेम दीड वर्ष झाले आहे. तेव्हा एका रंगाऱ्याने दोन दिवसांत सगळे उरकून दिले होते आणि काम दिसायलाही देखणे झाले होते. पहिला पाऊस पडून गेल्यावर डेकच्या फळ्यांच्या टोकांशी रंगाला फुगे आले, पुढे त्यांचे पापुद्रे झाले, आणि आता पायऱ्यांजवळ तळहाताएवढे तुकडे हातानेच सोलून निघतात. नवल असे, की त्याच माणसाने त्याच रंगाने त्याच आठवड्यात रंगवलेले कुंपण मात्र बऱ्यापैकी तग धरून आहे.

या वेळी तिघांना बोलावून काम दाखवले. पहिला कारागीर म्हणतो, दाबाच्या पाण्याने धुऊन दुसऱ्या दिवशी फवाऱ्याने दोन हात मारतो, शनिवार-रविवारात काम संपेल. दुसऱ्याचे म्हणणे असे, की जुना रंग पूर्ण काढून, घासून, मगच स्टेन (लाकडात जिरणारे रंगीत द्रावण) लावावे; त्याचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ अडीचपट आहे. तिसऱ्या एक बाई आहेत. त्यांनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून चार-पाच ठिकाणी फळ्या टोचून पाहिल्या, डेकखाली वाकून वासे पाहिले, आणि ‘धुतल्यावर लाकूड किती दिवसांत वाळते ते पाहून रंगाची तारीख सांगेन, आज सांगणार नाही’ असे म्हणून त्या गेल्या. त्यांचा आकडा दोघांच्या मधला आहे.

आकड्यांतला हा फरक कशाचा आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. डेकचे पापुद्रे निघाले आणि कुंपणाचे निघाले नाहीत, असे का झाले? शिवाय कारागिराला कोणते प्रश्न विचारले म्हणजे त्याच्या उत्तरावरून त्याचे काम ओळखता येईल? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

रंधा

सुतारकाम करता करता मी रंगकामाकडे वळलो, त्यामुळे आधी लाकडाच्या बाजूने सांगतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे. रंग सोलून निघतो तो बहुधा वरून झिजून नव्हे, तर मागून ढकलला जाऊन. डेकची फळी आडवी असते. तिच्यावर पाणी साचते, दोन फळ्यांच्या फटीत मुरते, खालच्या बाजूने दमट हवा लागते, आणि फळीच्या कापलेल्या टोकातून तर पाणी असे शोषले जाते जणू नळ्यांची मोळीच पाण्यात उभी केली आहे. लाकडाच्या नळ्या लांबीच्या दिशेने असतात, म्हणून पृष्ठभागापेक्षा टोकातून पाणी कितीतरी पटींनी वेगाने आत जाते. वरच्या बाजूला रंगाचा सलग थर असेल तर आत गेलेले हे पाणी बाहेर पडताना त्या थराला उचलते. तुमचे फुगे टोकांशीच आले, हे म्हणूनच. कुंपणाची फळी उभी असते, पाणी ओघळून जाते, दोन्ही बाजूंनी वारा लागतो आणि तिच्यावर कोणी चालत नाही. त्यामुळे तोच रंग तिथे टिकतो. रंगाऱ्याचा दोष असा, की त्याने दोन वेगळ्या कामांना एकच माल वापरला.

रंग आणि स्टेन यांतला फरकही इथेच आहे. रंग लाकडावर बसतो, स्टेन लाकडात जिरतो. म्हणून रंग जुना झाला की सोलतो आणि स्टेन जुने झाले की फिकट होते. सोललेले काढावे लागते, फिकट झालेल्यावर धुऊन नवा हात देता येतो. स्टेनमध्येही प्रकार आहेत. पारदर्शक स्टेनमध्ये रंगद्रव्य जवळजवळ नसते, लाकूड सुंदर दिसते, पण डेकवर ते साधारण वर्षभर पुरते. अर्धपारदर्शक स्टेन डेकवर दोन-तीन वर्षे टिकते आणि लाकडाच्या रेषाही दाखवते. अपारदर्शक स्टेन त्याहून जास्त टिकते, पण ते वागायला रंगासारखे असते, म्हणजे पुढे त्याचेही पापुद्रे निघू शकतात. रंगद्रव्य जितके जास्त तितके उन्हापासून रक्षण जास्त, असा हा सरळ व्यवहार आहे. कुंपणाला अपारदर्शक स्टेन किंवा रंगही चालेल. डेकच्या चालायच्या फळ्यांना मी अर्धपारदर्शकच सुचवतो.

आता आकड्यांतला फरक. या कामात डब्यांवर होणारा खर्च मोठा नसतो. मजुरी मोठी असते, आणि मजुरीतला बहुतांश भाग रंग लावण्याआधीच संपतो. जुना थर काढणे, धुणे, वर आलेले खिळे आणि स्क्रू पुन्हा बसवणे, कुजलेली फळी बदलणे, घासणे, झाकणे आणि वाळण्याची वाट पाहणे हे सगळे त्यात येते. पहिल्या कारागिराच्या आकड्यात यातले फक्त धुणे आहे. म्हणजे तो स्वस्त आहे असे नव्हे, तो कमी काम विकतो आहे.

वाट पाहण्याबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण काम बिघडते ते बहुतेक वेळा तिथेच. लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरतात तेव्हा त्यातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या आसपास असतो. स्टेन किंवा रंग लावायचा तर तो १५ टक्क्यांच्या खाली यायला हवा. धुतलेली फळी दुसऱ्या दिवशी हाताला कोरडी लागते, पण हात सांगतो फक्त वरच्या कातडीचे. दोन सुया लाकडात टोचून ओलावा मोजणारे छोटे यंत्र मिळते आणि ते मुळीच महाग नसते. ज्याच्याकडे ते नाही त्याने निदान पाण्याचे थेंब टाकून पाहावेत: थेंब काही मिनिटांत जिरले तर लाकूड स्टेन घ्यायला तयार आहे, मोत्यासारखे वर बसून राहिले तर नाही. तुमच्या तिसऱ्या बाईंनी तारीख सांगितली नाही, यावरून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

पाचर

रंधा यांचे लाकडाबद्दलचे विवेचन मान्य आहे, पण थोडे उलट बोलतो. डेक आणि कुंपणाचे रंगकाम हे काही शस्त्रक्रियेसारखे काम नव्हे. मी स्वतः माझे कुंपण दोनदा रंगवले आहे. रुंद ब्रश, एक डबा, दोन सुट्ट्या. ‘तयारी’ हा शब्द वापरून आकडा फुगवणारेही कारागीर असतात, हे विसरू नये. अडीचपट आकडा म्हणजे अडीचपट तयारी असेलच, असे नाही.

ओसरी

पाचर, तुमची शंका माझ्याही मनात होती, म्हणूनच हा धागा काढला. कुंपण मी स्वतः करू शकेन, असे मलाही वाटते. पण डेकवरचा जुना थर काढणे माझ्याच्याने होणार नाही. एका फळीवर प्रयत्न करून पाहिला आणि दोन तासांत हात टेकले.

रंधा

पाचर यांच्याशी अर्धा सहमत आहे. कुंपण घरच्या घरी होण्यासारखे आहे, विशेषतः त्यावर आधीचा सोललेला थर नसेल तर. पण आकडा फुगवला आहे की नाही हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे: दरपत्रकात तयारीची कामे वेगवेगळी लिहून मागावीत. ‘पृष्ठभागाची योग्य ती तयारी करून’ ही ओळ मी शेकडो दरपत्रकांत पाहिली आहे आणि तिचा अर्थ शून्य आहे. त्याऐवजी जुना थर कशाने काढणार, रसायनाने की घासून; रसायन वापरले तर ते नंतर कशाने निष्प्रभ करणार; किती नंबरचा पॉलिश पेपर; किती फळ्या बदलायच्या धरल्या आहेत आणि जास्त निघाल्या तर दर फळीमागे काय; कापलेल्या टोकांना वेगळा हात देणार का; इतके लिहून आले म्हणजे आकडा आपोआप बोलू लागतो.

पॉलिश पेपरचा प्रश्न तर मी मुद्दाम विचारायला सांगतो. फर्निचर करणाऱ्या माणसाला वाटते, जितके गुळगुळीत तितके उत्तम. डेकवर उलटे आहे. साधारण ६० ते ८० नंबरपर्यंतच घासावे. त्याहून बारीक पेपरने लाकडाची छिद्रे मिटल्यासारखी होतात आणि स्टेन जिरत नाही. जो कारागीर अभिमानाने २२० नंबर सांगेल, तो टेबलाचा कारागीर आहे, डेकचा नव्हे.

कोरा कागद

मी रसायनाच्या क्षेत्रात आहे, म्हणून धुण्याच्या विषयात भर घालतो.

लाकूड धुण्यासाठी घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सर्रास वापरले जाते. ते बुरशी मारते हे खरे, पण लाकडाचे तंतू धरून ठेवणाऱ्या लिग्निनवरही ते हल्ला करते. त्याऐवजी सोडियम परकार्बोनेट असलेली धुलाईची पूड बरी. ती पाण्यात विरघळली की सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि काळपटपणा निघतो. जुना थर काढणारी रसायने बहुधा तीव्र अल्कली असतात. ती वापरल्यावर लाकूड काळवंडते, म्हणून नंतर ऑक्झॅलिक किंवा सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण देऊन अल्कली निष्प्रभ करावी लागते. हा दुसरा टप्पा गाळला तर लाकडात उरलेली अल्कली नव्या स्टेनला खाते. लोखंडी खिळ्यांभोवती जे निळसर काळे डाग दिसतात, ते लाकडातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन पडतात. ऑक्झॅलिक आम्लाने तेही उतरतात. पण खिळे तेच राहिले तर डाग परत येणार. तिथे स्टेनलेस स्टीलचे किंवा जस्ताचा जाड मुलामा असलेले स्क्रू घालून घ्यावेत.

करडे पडलेले लाकूड हे नुसते मळलेले लाकूड नसते. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातले लिग्निन विघटित होते, पावसाने ते धुऊन जाते आणि मागे सुटे, मेलेले तंतू राहतात. त्यावर रंग लावणे म्हणजे भुसभुशीत मातीवर लादी बसवणे. नवे लाकूडसुद्धा काही आठवडे उघड्यावर पडले तर रंगाची पकड कमी होते. ‘वर्षभर तसेच राहू द्या, मग रंगवू’ हा जुना सल्ला म्हणूनच सरसकट खरा नाही. दाबाखाली परिरक्षक रसायन भरलेले नवे लाकूड ओले असते, त्याला वाळायला वेळ द्यावाच लागतो. पण वाळणे वेगळे आणि उन्हात जळणे वेगळे.

पाचर

हे वाचून एक प्रश्न पडला. दाबाच्या पाण्याचे यंत्र वापरावे की नाही? मी भाड्याने आणून वापरले होते. कुंपण स्वच्छ झाले, पण फळ्या लोकरीसारख्या केसाळ झाल्या.

रंधा

कारण यंत्र लाकडाच्या फार जवळ धरले गेले, किंवा तोंडाला चुकीची नळी होती. दाबाचे पाणी हे धुण्याचे साधन आहे, खरवडण्याचे नव्हे. मऊ लाकडाला ५०० ते ६०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब पुरतो, कठीण लाकडालाही साधारण १२०० ते १५०० च्या वर जाण्याचे कारण नसते. पंख्यासारखी पसरट धार देणारी नळी हवी, अंतर निदान ३० सेंटीमीटर हवे आणि धार रेषांच्या दिशेने फिरायला हवी. मळ काढण्याचे काम रसायनाने करावे, पाण्याने फक्त वाहून न्यावे. कारागीर म्हणाला, की रसायन लागतच नाही, आमचे यंत्रच जोरदार आहे, तर त्याला नम्रपणे निरोप द्यावा. उठलेले तंतू वाळल्यावर घासून काढता येतात, पण ते काम पुन्हा तुमच्याच बिलात येते.

हिशेबी

कराराकडे कोणी अजून वळले नाही, म्हणून लिहितो. माझा व्यवसाय रंगकामाशी संबंधित नाही, पण लहान कंत्राटे वाचण्याची सवय आहे.

हमी हा शब्द ऐकून खूश होऊ नये. हमी कशाची आहे ते वाचावे. बहुतेक हमीपत्रांत पापुद्रे निघणे येते, फिकट होणे येत नाही. आणि अनेकदा आडव्या पृष्ठभागांना वगळलेले असते किंवा त्यांची मुदत कमी असते. म्हणजे डेकसाठी घेतलेली हमी डेकलाच लागू नाही, असे घडू शकते. डबा बनवणाऱ्या कंपनीची हमी वेगळी आणि कारागिराच्या कामाची हमी वेगळी. कंपनीची हमी फार तर नवा डबा देते. तो पुन्हा लावायची मजुरी कोण देणार, याचे उत्तर फक्त कारागिराच्या कागदात असते. बाईंनी किंवा दुसऱ्या कारागिराने हमी दिली तर त्यांना एवढेच विचारा, की दोष निघाल्यास तुम्ही ती जागा पुन्हा तयार करून देणार की नुसता वरून हात मारणार.

पैसे टप्प्यांनी द्यावेत. माल आणण्यापुरती उचल, तयारी पूर्ण झाल्यावर दुसरा हप्ता आणि काम पाहून शेवटचा. मधला हप्ता महत्त्वाचा आहे, कारण त्या दिवशी तुम्ही जाऊन उघडे लाकूड डोळ्यांनी पाहू शकता; रंग लागल्यावर तयारी झाली होती की नाही हे कोणालाच दिसत नाही. जो सगळे पैसे आधी मागतो त्याला काम देऊ नये, आणि जो एकही पैसा आधी मागत नाही त्याच्याकडे माल उधारीवर येतो की काय, हे जरा चौकशीने पाहावे.

याशिवाय विमा. कामगार शिडीवरून पडला, किंवा फवाऱ्याचे तुषार शेजारच्या मोटारीवर बसले, तर भरपाई कोणी द्यायची? कारागिराकडे दायित्वाचा विमा असेल तर त्याच्या कागदाची प्रत मागण्यात संकोच करू नये. आणि काम तो स्वतः करणार की दुसऱ्याकडे देणार, हेही आधीच विचारावे. दरपत्रक देणारा एक आणि ब्रश धरणारा तिसराच, असे या धंद्यात वारंवार होते.

जुनी कामे दाखवा, असे सगळेच म्हणतात. मी म्हणेन, दोन वर्षांपूर्वीची कामे दाखवा. गेल्या महिन्यातले काम कोणाचेही चांगलेच दिसते.

शेजारधर्म

कुंपणाबद्दल थोडेसे. कुंपणाला दोन बाजू असतात आणि दुसरी बाजू बहुधा दुसऱ्याची असते. कुंपण तुमच्या हद्दीत आहे, सामाईक आहे की शेजाऱ्याचे आहे, हे कागदावर तपासल्याखेरीज ब्रश लावू नये. पलीकडे जाऊन काम करायचे तर परवानगी लागते, आणि एकाच बाजूने स्टेन दिले तरी ते फटींतून पलीकडे ओघळते. आमच्याकडे ओघळ शेजाऱ्यांच्या पांढऱ्या भिंतीवर गेले होते. भिंत रंगवून द्यावी लागली, शिवाय सहा महिने बोलचाल बंद. कुंपणाची एकच बाजू झाकली आणि दुसरी उघडी राहिली तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल्या-कोरड्या होतात आणि फळ्या वाकतात, त्यामुळे शेजाऱ्यांना विचारून दोन्हीकडून काम करून घेणेच बरे. झाडे, वेली आणि माती कुंपणापासून सरकवण्याचे काम कोणाचे, हेही दरपत्रकात असावे. फळीचे खालचे टोक मातीत रुतलेले असेल तर वर कितीही हात मारा, खालून ती कुजणारच.

पाचर

फवाऱ्याच्या विरोधात सगळे इतके का आहेत? वेगाने होते, फटींतही पोहोचते.

रंधा

विरोध फवाऱ्याला नाही, नुसत्या फवाऱ्याला आहे. फवाऱ्याने स्टेन पृष्ठभागावर पडते, आत शिरत नाही. म्हणून एकाने फवारत जायचे आणि दुसऱ्याने लगेच मागून ब्रशने ते लाकडात दाबत जायचे. खरबरीत कुंपणावर तर ही पद्धत उत्तम, कारण खरबरीत लाकूड गुळगुळीत लाकडापेक्षा दुपटीपर्यंत माल पिते आणि नुसत्या ब्रशने काम संपत नाही. पहिल्या कारागिराला विचारा, फवाऱ्यामागे ब्रश घेऊन माणूस असणार का. ‘गरज नाही’ असे उत्तर आले तर तुम्हाला हवी ती माहिती मिळाली.

‘दोन हात’ या शब्दालाही भुलू नका. जिरणाऱ्या तेलकट स्टेनला लाकूड पिईल तेवढेच द्यायचे असते. न जिरलेले पंधरा-वीस मिनिटांत फडक्याने पुसून काढावे लागते, नाहीतर ते वर चिकट, चकचकीत राहते आणि त्याचाच पुढे पापुद्रा होतो. दुसरा हात द्यायचाच असेल तर अनेक तेलकट स्टेनमध्ये तो पहिला ओला असतानाच द्यावा लागतो. पहिला वाळून बंद झाला की दुसऱ्याला आत जागाच उरत नाही. डब्यावर लिहिलेले असते, पण डब्याची पाठ वाचणारे रंगारी कमीच भेटतात. सागवान किंवा इपेसारख्या घट्ट, तेलकट लाकडाला तर एकच पातळ हात पुरतो.

हवेचेही पाहा. साधारण १० ते ३२ अंश सेल्सियस तापमान, थेट ऊन नको, आणि नंतर निदान २४ तास पाऊस नको. तापलेल्या फळीवर स्टेन जिरण्याआधीच सुकते आणि ब्रशचे पट्टे उठून दिसतात. चांगला कारागीर सावलीच्या मागे मागे सरकत काम करतो.

कोरा कागद

सुरक्षेचे तीन मुद्दे राहिले आहेत आणि ते कारागिरावर सोडून देण्यासारखे नाहीत.

घर जुने असेल तर जुन्या थरात शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा थर असल्यास कोरडे घासू नये, आधी तपासून घ्यावे. दुसरे, जुन्या डेकचे लाकूड क्रोमियम-तांबे-आर्सेनिकच्या मिश्रणाने परिरक्षित केलेले असू शकते. अमेरिकेत २००३ च्या अखेरीनंतर निवासी वापरासाठी त्याचे उत्पादन थांबले, पण आधी बांधलेले डेक अजून उभे आहेत. असे लाकूड घासल्यास धुळीतून आर्सेनिक जाते, आणि त्याचे तुकडे तर कधीच जाळू नयेत.

तिसरा मुद्दा तेलाने भिजलेल्या फडक्यांचा आहे. जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेले हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतात. फडकी चुरगाळून ढिगात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि काही तासांत, काडी न लावता, ढीग पेट घेऊ शकतो. ही भीती पुस्तकी नाही. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी लागलेली आग जवसाच्या तेलाने भिजलेल्या फडक्यांतूनच सुरू झाली होती आणि तिच्यात अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्यू पावले. कामगार संध्याकाळी निघताना फडकी कुठे टाकतात हे विचारा. मोकळ्या जागेत एकेक पसरून वाळवणे, किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवणे, ही दोनच उत्तरे बरोबर आहेत.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात तिघांनाही सारखेच प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे इथे नोंदवते.

पहिल्या कारागिराने ओलाव्याच्या प्रश्नावर ‘ऊन चांगले आहे, एका दिवसात वाळते’ असे सांगितले, फवाऱ्यामागच्या ब्रशवर तो हसला. दुसऱ्याने तयारीची सविस्तर यादी दिली, ती उत्तम होती; मात्र त्याने शेवटी १५० नंबरचा पेपर सांगितला आणि डेकला वरून पारदर्शक व्हार्निशचा हात सुचवला, ‘म्हणजे चमक राहील’. हे ऐकून मला रंधा यांचा मागून ढकलला जाणारा थर आठवला. बाईंनी उत्तरे देण्याआधी मलाच विचारले, की डेकवर ऊन किती तास असते आणि घरात अनवाणी चालणारी लहान मुले आहेत का. त्यांच्याकडे सुयांचे यंत्र होते. त्यांनी तिथेच टोचून दाखवले, डेकच्या मधल्या फळीत १३ आणि पायऱ्यांजवळ २१ टक्के. पायऱ्यांजवळचा ओलावा पावसाचा नसून वरच्या पन्हळीच्या गळतीचा आहे, हे त्यांनी दाखवेपर्यंत आमच्या लक्षातच आले नव्हते. म्हणजे मागच्या वेळी सर्वांत वाईट सोललेली जागा रंगाने बिघडली नव्हती, पन्हळीने बिघडवली होती.

काम त्यांना दिले आहे. कुंपण आम्ही घरचे करणार आहोत. बाईंनीच तसे सुचवले, ही गोष्टही मला आवडली.

पाचर

पन्हळीची गोष्ट वाचून माझी शंका मी मागे घेतो. एवढे एकच निदान मधल्या आकड्याच्या मोबदल्यात स्वस्त पडले.

रंधा

झकास. मधल्या हप्त्याच्या दिवशी उघड्या लाकडाची छायाचित्रे काढून ठेवा. आणि नव्या स्टेनचा नमुना पुठ्ठ्यावर पाहू नका. तुमच्याच डेकच्या घासलेल्या फळीवर एका कोपऱ्यात लावून, वाळू देऊन पाहा. लाकूड बदलले की तीच छटा वेगळी दिसते.

ओसरी

काम संपून तीन आठवडे झाले, म्हणून शेवटची नोंद करते.

पन्हळ आधी दुरुस्त करून घेतली. जुना थर रसायनाने काढायला दोन दिवस लागले, तरी खाचांतला काही भाग हातानेच खरवडावा लागला. तीन फळ्या आणि पायरीचा एक वासा कुजलेला निघाला. फळ्यांचा दर आधीच लिहिलेला असल्याने वाद झाला नाही, वाशाचा मात्र लिहिलेला नव्हता आणि त्यावर थोडी घासाघीस झाली. रंधा यांनी फळ्यांबरोबर वाशांचाही उल्लेख केला असता तर बरे झाले असते! धुतल्यानंतर पायऱ्यांजवळची फळी १४ टक्क्यांवर यायला सहा दिवस लागले. मधे एका रात्री पाऊस पडला तेव्हा बाईंनी मोजणी पहिल्यापासून धरली, आणि आमच्या घरातल्या मोठ्यांनी ‘एवढे काय नाटक’ असे म्हणून घेतले. कापलेल्या टोकांना प्रत्येकी दोनदा स्टेन पाजले गेले.

एक गोष्ट मनासारखी झाली नाही. बदललेल्या तीन फळ्या जुन्यांपेक्षा फिकट दिसतात, कारण नवे लाकूड तेवढे स्टेन पीत नाही. बाईंनी हे आधीच सांगितले होते, तरी डोळा तिथेच जातो. त्यांचे म्हणणे असे, की आता वरून हात देऊ नये. पुढच्या वर्षी त्या फळ्यांवर थेंब टाकून पाहावा, जिरला तर तेवढ्याच तीन फळ्यांना द्यावा. त्यासाठी उरलेला पाव डबा त्या झाकण ठोकून ठेवून गेल्या आहेत, आणि त्यावर छटेचे नाव, बॅच क्रमांक व तारीख खडूने नव्हे तर रंगानेच लिहिली आहे.